वजनाच्या ऑपरेशनला आठ वर्षं झाल्यावर: गोळ्या, ताट, सैल कातडी आणि परत येणारं वजन

माझ्या गॅस्ट्रिक बायपासला (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) यंदा आठ वर्षं झाली. तेव्हा वजन ११८ होतं, दीड वर्षात ६७ वर आलं आणि आता ७५-७६ च्या आसपास असतं. ऑपरेशनच्या आधी काय करायचं, पहिल्या महिन्यात काय काय पातळ प्यायचं ह्याची माहिती हवी तेवढी मिळते. पण पाचव्या-सातव्या वर्षाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण तोवर पेशंटच गायब झालेला असतो. मी पण झालेच होते. सलग तीन वर्षं एक टेस्ट नाही की गोळ्यांचा पत्ता नाही, का तर दिसत होते छान. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलला चौथ्या सीटवर मावायला लागले होते (आधी मी तिसऱ्या सीटवर बसले की चौथी सीट शिल्लकच राहायची नाही), नातेवाईक कौतुक करत होते, मग डॉक्टरकडे जायचं कशाला. त्यातच बर्फ चावायची सवय लागली, फ्रीजमधला ट्रे रिकामा करायचे आणि घरचे हसायचे. दादरचा जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलली. शेवटी टेस्ट केली तर हिमोग्लोबिन ७.८. बर्फ खावासा वाटणं हे आयर्न कमी झाल्याचं लक्षण असतं हे तेव्हा कळलं. खडू किंवा माती खावीशी वाटते ना काही बायकांना, त्यातलाच प्रकार.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस तुमच्या रिपोर्टवरून तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं हे तरी ह्यातून कळेल.

आधी जुनी फाईल शोधा

हसू नका. निम्म्या लोकांना विचारलं की "नक्की कुठलं ऑपरेशन झालं" तर "ते दुर्बिणीचं, पोट छोटं करायचं" एवढंच सांगतात. पुढची सगळी काळजी त्याच्यावरच अवलंबून आहे, तेव्हा डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावरचं ऑपरेशनचं नाव आणि तारीख बघा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी पाठवून ठेवा.

स्लीव्ह असेल तर पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढलेला असतो आणि केळ्यासारखी नळी उरते, आतड्याला हात लावलेला नसतो. ह्यात वर्षं गेल्यावर छळते ती ॲसिडिटी. झोपल्यावर घशाशी आंबट येतं, सकाळी आवाज बसलेला असतो, आणि आपण वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळी आणून खात बसतो. तसं करू नका, स्लीव्हवाल्यांनी त्रास नसला तरी दर दोन-तीन वर्षांनी दुर्बिणीने अन्ननलिका बघून घ्यावी असा सल्ला देतात. त्रास फारच असेल तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर पण करतात.

बायपासमध्ये वरचं पोट अंड्याएवढं ठेवतात आणि अन्न आतड्याचा पहिला भाग चुकवून पुढे जातं. आयर्न आणि कॅल्शियम शोषून घेण्याचं मुख्य काम नेमकं त्या चुकवलेल्या भागात होतं. म्हणजे तुम्ही कितीही पालक नि खजूर खा, शरीरात जायचा रस्ताच आखूड झालाय. पोटाची पिशवी थोडी ताणली जाते, भूक परत येते, पण आतड्याचा तो भाग काही परत जोडला जात नाही, त्यामुळे कमतरतेचा धोका जन्मभर तसाच.

मिनी बायपास आपल्याकडे बरेच होतात. त्यात बहुतेक वेळा आतडं जास्त लांब चुकवलेलं असतं त्यामुळे प्रोटीन आणि आयर्न आणखी सांभाळावं लागतं, आणि पित्त वर येण्याचा त्रास होऊ शकतो. पायावर सूज येत असेल तर अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) तपासून घ्या.

वर्षातून एकदा रक्त, तारीख ठरवून

मी वाढदिवसाच्या आठवड्यात करते, म्हणजे विसरायला होत नाही. लॅबवाल्याचं "फुल बॉडी पॅकेज" घेतलं की झालं असं समजू नका, त्यात थायरॉईड नि कोलेस्टेरॉल असतं पण आपल्याला हवं ते बऱ्याचदा नसतं. ही यादी कागदावर लिहून न्या: सीबीसी (हिमोग्लोबिन ह्यातच कळतं), फेरीटिन, बी १२, फोलेट, डी व्हिटॅमिन, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन, लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). बायपास आणि मिनी बायपासवाल्यांनी डॉक्टरांना विचारून झिंक, कॉपर आणि व्हिटॅमिन ए पण.

ह्यात फेरीटिन आणि पीटीएच सोडू नका. फेरीटिन म्हणजे आयर्नचा साठा. हिमोग्लोबिन खाली येतं ते साठा संपल्यावर, म्हणजे सीबीसी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर फसलात. पीटीएचचं पण तसंच. जेवणातून कॅल्शियम मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणतं, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम अगदी छान दिसतं आणि हाडं मात्र आतून पोखरत जातात, पीटीएच वाढलेलं दिसलं की ही चोरी पकडली जाते. हाडांची डेक्सा टेस्ट पण अधूनमधून करावी, पाळी गेलेल्या बायकांनी तर नक्कीच.

गोळ्यांचं टाईमटेबल

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळतात, म्हणजे घेतल्याही आणि वायाही गेल्या. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांची वाट अडवतात, दोन तासांचं तरी अंतर पाहिजे. चहा-कॉफीने आयर्न अडतं. थायरॉईडची गोळी असेल तर ती ह्या दोघांपासून चार तास लांब. माझं सध्या असं चाललंय:

सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा. साडेअकराला ऑफिसमध्ये आयर्न, लिंबूपाण्याबरोबर. दुपारच्या जेवणानंतर मल्टीव्हिटॅमिन. मग पाचला एक कॅल्शियम आणि रात्री जेवणानंतर एक. (माझ्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये आयर्न नाही, तुमच्यात असेल तर त्यालाही कॅल्शियमपासून लांब ठेवा.)

कॅल्शियमची गोष्ट नीट ऐका. दिवसाला एकूण साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, जेवणातलं धरून, पण एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट घेत नाही म्हणून भागून घ्यायचं. आणि मेडिकलवाला सहसा कॅल्शियम कार्बोनेट देतो, त्याला विरघळायला ॲसिड लागतं, आपल्या पोटात ते कमी, तेव्हा "सायट्रेट द्या" असं मागून घ्या. आयर्न पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपासवाल्यांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम तरी सांगतात, गोळीवर "एलिमेंटल आयर्न" किती लिहिलंय तो आकडा बघायचा. गोळीने फेरीटिन हलतच नसेल तर सलाईनमधून आयर्न देतात. मला शेवटी तेच करावं लागलं आणि दोन महिन्यांत बर्फाचा ट्रे आपोआप सुटला. बी १२ ची रोजची गोळी ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर बी १२ आणखी कमी होतं हे लक्षात असू द्या. डी व्हिटॅमिनची ६० हजारची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून दर आठवड्याला वर्षभर घेत बसू नका, आधी लेव्हल बघा, त्याचा ओव्हरडोस होतो.

ताटात काय, आणि कुठल्या क्रमाने

रोजचं प्रोटीन किमान ६० ग्रॅम. शाकाहारी मराठी जेवणात हे सोपं नाही, खोटं कशाला बोलू. वाटीभर वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतं. एका अंड्यात ६, कपभर दुधात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. सोयाबीनच्या वड्या कोरड्या वजनाच्या निम्म्या प्रोटीनच असतात, त्या मी मिक्सरमधून जाडसर फिरवून खिम्यासारख्या करते. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, बांगडा-सुरमई मऊ असते, अडकत नाही. कोंबडीचा कोरडा पीस मला आठ वर्षांनीही घशाखाली टोचतो, रस्सा घेऊनच खाते.

ताटातला क्रम उलटा करायचा. आपण आधी भाकरी-पोळी मोडतो आणि उसळ तोंडीलावणं म्हणून घेतो. आता उसळ, पिठलं, अंडं, मासा हे जेवण, मग भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. भात शेवटी दोन घास. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. मला सगळ्यात जड गेलं ते ताक, जेवताजेवता ताक प्यायचं नाही म्हणजे काय जेवण झालं! आता मी ते चारला पिते, मीठ-जिरं घालून. एकूण पाणी मात्र दीड-दोन लिटर झालंच पाहिजे, घोट घोट करत. बायपासनंतर किडनी स्टोनचं प्रमाण वाढतं आणि पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ तर हमखास.

मऊ ताजी पोळी, पाव आणि चिकट भात ह्यांचा गोळा होतो आणि छातीत अडकतो. अडकलं की पाणी ओतू नका, उभं राहा, चाला, थांबा. पण हे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं तर तपासून घ्या, पोट आणि आतड्याचा जोड अरुंद झालेला असू शकतो.

गोड खाल्ल्यावर जे होतं ते

ह्याला डम्पिंग म्हणतात, खाल्लेलं पोटातून भराभर आतड्यात उतरल्याने होणारा त्रास. तो दोन प्रकारचा. पहिला खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात: पोटात मुरडा, धडधड, जुलाब, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटणं. हे बहुतेकांना पहिल्या वर्षातच कळतं. दुसरा जास्त फसवा आहे आणि तो बऱ्याचदा ऑपरेशनला एक-दोन वर्षं झाल्यावर सुरू होतो. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की साखर झपकन वर जाते, शरीर भरमसाट इन्सुलिन सोडतं, आणि एक ते तीन तासांनी साखर धाडकन खाली. दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यापुढे अंधारी, आणि विचित्र अशी भूक. माझं पहिल्यांदा झालं ते एका मुंजीत श्रीखंड-पुरी खाऊन दोन तासांनी रिक्षात. सगळे म्हणाले उन्हाने झालं. मला डायबेटिसच नाही तर साखर कमी कशी होईल असं मलाही वाटलं.

काय करायचं: घरात ग्लुकोमीटर ठेवा, असं झालं की लगेच बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि सावरल्यावर शेंगदाणे, पनीर, अंडं असं काहीतरी खा. नुसती साखर खाऊन सोडून दिलंत तर परत तोच झोका. त्या वेळात गाडी चालवू नका. आकडे तारखेसकट लिहून ठेवा आणि डॉक्टरना दाखवा, त्यावर औषधंही आहेत.

उपासाचं ह्याला लागूनच सांगते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, आपल्यासाठी दोन तासांनी घेरीची व्यवस्था. मी एकादशी सोडली नाही, पण ताटात दाण्याची आमटी, दही, पनीर आणि राजगिऱ्याची छोटी भाकरी असते. निर्जळी मात्र अजिबात नाही, सासूबाईंशी त्यावरून दोन वर्षं धुसफूस झाली, आता त्याच पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात.

आग्रहाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवा. "माझ्यासाठी एक घास" म्हणणाऱ्या काकूंना ऑपरेशनची हकीकत सांगण्यापेक्षा मी वाटीत अर्धा मोदक घेऊन तासभर हातात धरून फिरते. रिकामं ताट दिसलं की वाढतात, भरलेलं दिसलं की सोडतात.

वजन परत येतं तेव्हा

येतंच थोडं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेला मोठा अभ्यास आहे, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी बघितलं तर २५ टक्के उतरलेलं राहिलं होतं. म्हणजे सगळ्यात खाली गेलेला आकडा हा मुक्कामाचा नाहीच, काही किलो परत येणं हे त्या प्रवासातच धरलेलं आहे. मला चौथ्या वर्षी पाच किलो वाढल्यावर वाटलं की सगळं वाया गेलं, आणि लाजेने डॉक्टरकडे जाणं आणखीच टाळलं. उलट तेव्हाच जायला पाहिजे होतं.

आधी शोधा की कुठून येतंय. पोटभर जेवण तर आपल्याला जमतच नाही, मग वजन वाढतं ते येताजाता चरण्याने. भडंग, शेव, फरसाण, बिस्किटं, ह्या गोष्टी तोंडात विरघळतात, पोटात थांबत नाहीत, त्यामुळे दिवसभरात पाव किलो फरसाण गेलं तरी पोट भरल्याचं कळत नाही. तेच मटकीच्या उसळीची एक वाटी खाऊन बघा, चार तास काही लागत नाही. मी एक आठवडा तोंडात टाकलेली प्रत्येक गोष्ट लिहिली, मुलाच्या डब्यातलं उरलेलं सुद्धा, आणि उत्तर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच सापडलं.

मग आठवड्यातून एकदाच वजन, ठरलेल्या दिवशी. जिममध्ये किंवा घरी वजन उचलण्याचा व्यायाम दोन-तीन दिवस, कारण उतरलेल्या वजनात स्नायू पण गेलेले असतात आणि नुसत्या चालण्याने ते परत येत नाहीत. थायरॉईड बघा, चालू औषधं बघा, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, स्टेरॉइडने वजन वाढतं. बीपी-शुगर परत वर येतेय का तेही बघा, डायबेटिस गेला म्हणून पार्टी केलेल्यांचा तो काही वर्षांनी परत आलेला मी पाहिलाय. एवढं करून भराभर वाढतच असेल तर सर्जनला भेटा, हल्ली औषधं आहेत, काहींचं पुन्हा ऑपरेशनही करतात.

कातडी आणि आरसा

पोटाची वळी, दंडाखाली लोंबणारं, मांड्या, आणि छाती. ह्याबद्दल कोणी आधी नीट सांगत नाही. क्रीमने हे आवळत नाही, तेलानेही नाही, पैसे घालवू नका. व्यायामाने आतला स्नायू भरतो तेवढाच फरक. रोजची कटकट म्हणजे वळीखाली घाम साचून लाल होणं, विशेषतः पावसाळ्यात. अंघोळीनंतर वळी उचलून पूर्ण कोरडं करायचं, सुती कपड्याची पट्टी आत ठेवायची, आणि खाज-वास सुरू झाला तर डॉक्टरकडून बुरशीचं मलम घ्यायचं. मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम लावली की चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं.

कातडी काढायचं ऑपरेशन करायचं असेल तर वजन निदान सहा महिने स्थिर पाहिजे, हिमोग्लोबिन आणि प्रोटीन चांगलं पाहिजे नाहीतर जखम भरत नाही. इन्शुरन्सवाले बहुतेक वेळा कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, पण वारंवार इन्फेक्शन होत असेल तर त्याचे फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, विचारायला काय जातं.

केस गळण्याचं थोडक्यात: पहिल्या वर्षातलं गळणं थांबतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी परत सुरू झालं तर शाम्पू बदलू नका, फेरीटिन, झिंक, प्रोटीन बघा.

बाकी बदल छोटे असतात. थंडी जास्त वाजते. लाकडी बाकावर माकडहाड टोचतं. अंगठी निसटते. ब्लाऊज शिवताना शिंपिणीला सांगून दोन्ही बाजूंना भरपूर दाब सोडून घ्या, सात-आठ किलो इकडेतिकडे होतातच. आणि मी अजूनही लोकलच्या दारात आडवी होऊन आत शिरते, आठ वर्षं झाली तरी डोक्यातलं शरीर ११८ चंच आहे. हे मनातून जात नसेल, किंवा खाण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका.

हे मात्र नाही

अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं बायपासवाल्यांनी घेऊ नयेत, जोडावर अल्सर होतो. प्रत्येक फॅमिली डॉक्टरला, डेंटिस्टला आधीच सांगा, पॅरासिटामॉल चालते. तंबाखूने पण तोच अल्सर होतो, आणि ह्यात मिश्री आली बरं का, "मी कुठे तंबाखू खाते, दात घासते" हे चालत नाही. दारू बायपासनंतर फार झपाट्याने चढते आणि पहिल्या वर्षी न पिणाऱ्यांनाही दुसऱ्या वर्षानंतर व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबा. बायपासवाल्यांनी गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका. गरोदरपणात ग्लुकोज पाजून करायची टेस्ट बायपासवालीला डम्पिंग देऊ शकते, त्याऐवजी आठवडाभर घरी साखर तपासतात, हे आपणच आठवण करून द्यायचं.

कधी थांबायचं नाही

बायपासनंतर कितीही वर्षांनी आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. पोटात वरच्या बाजूला पिळवटून कळा येतात, मध्येच थांबतात, परत येतात, साधी सोनोग्राफी नॉर्मल येते आणि "गॅस आहे" म्हणून घरी पाठवतात. अशा वेळी बायपास झालाय हे ठणकावून सांगा, सीटी स्कॅनबद्दल विचारा आणि बॅरिअॅट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनला दाखवा. काळी शी होणं, रक्ताची उलटी, हेही तसंच ताबडतोब.

दुसरं म्हणजे उलट्या. दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर बी १ व्हिटॅमिन, म्हणजेच थायमिन, संपतं, आणि त्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बरळणं ही त्याची लक्षणं. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हे घरच्यांना पाठ करून ठेवा कारण त्या वेळी तुम्ही सांगायच्या स्थितीत नसाल.

माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी असते: ऑपरेशनचं नाव, वर्ष, "आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक देऊ नका", "ग्लुकोजआधी थायमिन", नवऱ्याचा नंबर. झेरॉक्सवाल्याने वीस रुपये घेतले होते.